सुंदररावांच्या वाटीतला कोळसा

केज,
दूध सोसायटीचं ऑफिस

ती. स्व. सत्यभामाआक्का यांना मामेभाऊ म्हणवून घेणाऱ्या गहिनीनाथचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण ऑफिसात आडवं व्हायला जागा नाही. टँकरच्या पाण्याची पिंपं आत आणून ठेवली आहेत (बाहेर ठेवली की पाण्याला पाय फुटतात). तेव्हा बसल्या जागेवरून केलेला हा नमस्कार पुऱ्या लांबीचा समजून घ्यावा. दाजींचा खोकला कसा आहे? सूनबाईंना कितवा महिना? आष्टीला टँकर वेळेवर येतो की आमच्यासारखी तुमच्याकडेही फक्त त्याची वार्ता येते? तुम्ही कंडक्टरच्या हाती पाठवलेली निरगुडीच्या तेलाची बाटली न फुटता पोचली. त्याच दिवशी मी ती सुंदररावांच्या हातात दिली. तेव्हापासून ते दोन्ही वेळा उजव्या गुडघ्याला चोळतात आणि तेलाच्या वासामुळे वहिनींनी त्यांचं अंथरूण ओसरीवर टाकलं आहे. बाकी घरी सगळे ठीक.

आता पत्राचं कारण. तुमच्या धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या चेअरमनसाहेबांचं पत्र तुम्हाला पोचलं असेल, नाहीतर आज-उद्या पोचेल. 'गहिनीनाथनं नेपाळ्यांना हाताशी धरून ऐन निवडणुकीत माझ्यावर करणी केली' असं त्यात असणार. त्यातली पहिली चूक अशी की ते नेपाळी नाहीत. दुसरी चूक अशी की ती करणी नव्हती. गहिनीनाथ हे नाव मात्र बरोबर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या पत्राच्या मागोमाग माझं पत्र जायला हवं. तुम्ही एक बाजू ऐकून निकाल देत नाही, हा लौकिक तुमचा सासरी आणि माहेरी दोन्हीकडे आहे. (मधेच उठून खिडकीतून बघून आलो. समोरच्या सोसायटीच्या शेडला कुलूप तसंच आहे. बसवत नाही म्हणून उठतो आणि बघवत नाही म्हणून परत बसतो, असं आज सकाळपासून चाललं आहे.)

ते स्वेटरवाले तुम्हाला माहीत आहेत. दरवर्षी दिवाळी सरली की तहसिलीच्या भिंतीला दोऱ्या बांधून स्वेटर टांगतात. त्यांच्याकडूनच तुम्ही दाजींना मरून रंगाचा स्वेटर घेतला होता. तो पहिल्या धुण्याला नातवाच्या मापाचा झाला, पण तुम्ही त्याला उकळत्या पाण्यात घातलं होतं हे तेव्हाही मी सांगितलं होतं. ही माणसं मूळची तिबेटची. तिथून निघावं लागलं तेव्हा डोंगर चालून इकडे आली, सरकारनं कर्नाटकात मुंडगोडकडे जमीन दिली, आता तिथं मका लावतात आणि हिवाळ्यात गावोगाव लोकर विकतात. त्यांच्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई यांगझोम. तिला सगळे मोला म्हणतात. त्यांच्यात आजीला मोला म्हणतात, त्यामुळे आमच्या सोसायटीतली छबुबाईसुद्धा आता मोलाच म्हणते, जरी दोघींच्या वयात चार बाजारांचंही अंतर नसेल. मोलाची नात ल्हाकी, वीस-एकवीसची. जन्म मुंडगोडचा, पण लहानपणापासूनचे सगळे हिवाळे केजच्या बाजारात गेलेले. त्यामुळे तिची मराठी अशी की परवा एक गिऱ्हाईक नुसताच माल चिवडत बसलं होतं, त्याला म्हणाली, "मामा, हात लावू लावू लोकर झिजविली तुमी. घ्यायचं तर घ्या, न्हाईतर हात सोताच्या खिशात घाला." मामानं मुकाट हात खिशात घातले.

यंदा त्यांचंही साल वाईट गेलं. तिसरं वर्ष पावसानं दडी मारलेलं. ज्याच्या घरात बैलाला कडबा नाही तो अंगात स्वेटर घालून काय करील? त्यात थंडीही पडली नाही. एरवी ही मंडळी माल संपवून आपल्या नव्या वर्षाला, म्हणजे लोसरला, घरी पोचलेली असतात. यंदा माल राहिला, आणि त्यावर मोलाचा पाय एस.टी.तून उतरताना पायरीवरून घसरला. अंबाजोगाईला नेऊन गुडघ्यापासून खाली प्लास्टर घातलं. हलता येईना म्हणून तीन कुटुंबं इथंच थांबली, आणि कुठं तर आपल्या सोसायटीच्या शेडमध्ये. शेड रिकामीच होती. दुधाचे कॅन उपडे पडलेले, दुधाची डिग्री बघायची नळी कोरडी. गावात जनावरंच राहिली नाहीत. जी आहेत ती छावणीत. दूध सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझं काम उरलं आहे ते रोज नळीवरची धूळ पुसायची. बहात्तर सालीही एवढं वाईट नव्हतं, असं सुंदरराव प्रत्येक भाषणात सांगतात (बहात्तर साली ते चेअरमन नव्हते). शेड वापरायला दिली ती त्यांनीच, माणुसकी म्हणून. तसा फोटोही काढून घेतला होता.

त्या शेडमध्ये मोलानं एक उद्योग सुरू केला. तिन्ही कुटुंबांची मिळून जी चार पोरं होती त्यांना रोज संध्याकाळी समोर बसवायचं आणि फळ्यावर त्यांची अक्षरं शिकवायची, गाणी म्हणून घ्यायची, कोणाला काय म्हणून हाक मारायची, वाडगं दोन्ही हातांनी कसं धरायचं, सगळं. ही पोरं वर्षातले चार-पाच महिने आईबापांबरोबर बाजारात असतात, शाळा तेवढी बुडते आणि आपली मराठी तेवढी वाढते. पोरं आपसांत भांडतात तीसुद्धा मराठीत. आक्का, एकदा मी दारात उभा राहून ऐकलं. मोला म्हणते का, खा, गा, ङा. मी चाटच पडलो. आपल्याकडं तो ङ बिचारा ओळीच्या टोकाला उभा असतो, जन्मात कोणी त्याला कामाला लावत नाही. त्यांच्यात तो नुसता एकटा उच्चारला तरी त्याचा अर्थ होतो 'मी'. मी ल्हाकीला विचारलं, तुला येतात का ही अक्षरं? ती म्हणाली, "वळखू येत्यात, काका. बोलाया गेलं की मधीच मराठी घुसती." मग थोड्या वेळानं घड्या घातलेल्या स्वेटरांच्या परत घड्या घालत म्हणाली, "मोला म्हणती, एक पोरगी हातची गेली, आता ही चार तरी राहू द्या. हातची गेली म्हंजी मी." आणि हसली. मला त्या हसण्याचं काही तरी करावंसं वाटायला लागलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. जे आपोआप होणार असतं तेही मी घडवून आणायला जातो.

अशात सोसायटीची निवडणूक लागली. समोर राधाकिशनचं पॅनल. सुंदररावांनी फर्मान काढलं की प्रचाराच्या कचेरीसाठी शेड रिकामी पाहिजे. (दुधाशिवाय दूध सोसायटीची निवडणूक कशासाठी, हे मला विचारू नका. मी पगारी माणूस आहे.) शेड गेली तर तिन्ही कुटुंबांना एका जागी ठेवील एवढी मोठी जागा अख्ख्या केजात नाही. एकानं तुमच्या आष्टीला, एकानं अंबाजोगाईला आणि मोला-ल्हाकीनं इथंच कुठं तरी पडवीत राहायचं ठरलं. म्हणजे पोरं तीन गावांना, आणि मोलाची शाळा बंद. मी सुंदररावांना म्हटलं, कचेरी माझ्या ऑफिसात थाटा. ते म्हणाले, "तुझ्या ऑफिसात पिंपं हायेत. मतदार काय पिंपावर बसवू?"

तेव्हा मी एक युक्ती काढली, आणि इथून पुढं जे झालं ते तुम्ही दाजींना मोठ्यानं वाचून दाखवू नका. त्यांचा खोकला वाढेल.

लोसरच्या दोन दिवस आधी त्यांच्यात एक सण असतो. त्या संध्याकाळी गुथुक करतात. गुथुक म्हणजे कणकेचे तुकडे घालून केलेलं पातळ कालवण. त्यात नऊ जिन्नस पडावे लागतात, आणि प्रत्येकाच्या वाटीत कणकेची एक मोठी गोळी येते. गोळीत काय भरलंय ते वरून कळत नाही. फोडायची आणि सगळ्यांना दाखवायची. मिरची निघाली तर माणूस बडबड्या, मीठ निघालं तर आळशी, पांढरा खडा निघाला तर आयुष्य मोठं, लोकर निघाली तर मनाचा मऊ आणि कोळसा निघाला तर मनाचा काळा. सगळे हसतात आणि वर्षाची कटकट तिथंच संपवतात. मी म्हटलं, सुंदररावांना पाहुणे म्हणून बोलवायचं, त्यांच्या वाटीत लोकर निघेल अशी व्यवस्था करायची, चार सभासदांच्या देखत 'चेअरमन मनाचे मऊ' असं शाबीत झालं की हा माणूस दुसऱ्या दिवशी प्लास्टरमधल्या म्हातारीला बाहेर कसा काढील?

मोलाकडं गेलो. ल्हाकीनं माझं म्हणणं तिला सांगितलं. मोला आधी माझ्याकडं बघत राहिली, मग इतकी हसली की प्लास्टरचा पाय हलून कळ आली. ल्हाकी म्हणाली, "ती म्हणती, गोळ्या वळखून घालायच्या असत्याल तर सण कावून करायचा? निवडणूकच घ्या की." पुढं काही ऐकायलाच तयार नाही. तिच्या आईनं गोळ्या न बघता वाढल्या, आजीनं तशाच वाढल्या, तीही तशाच वाढणार. एकदा राजाच्या कारभाऱ्याच्या वाटीत मिरची निघाली होती म्हणे आणि कोणी मेलं नाही. मी पाय ओढत बाहेर आलो. ल्हाकी मागून आली. "काका, येक लोकरीची गोळी मी घालते. बाकीच्या मोलाच्या हातानं. तिला कळलं तर माजे कान उपटंल. कुणाच्या वाटीत घालू, चेअरमनच्या?"

आणि आक्का, इथं मी माझी हुशारी चालवली. तुमच्या भावाची खोड तुमच्याइतकी कोणाला माहीत? निवडणूक लागली की ते आपल्या पुढ्यातलं ताट कधी खात नाहीत. कोणी काही खाऊ घालील या भीतीनं शेजाऱ्याच्या ताटाशी अदलाबदल करतात. शहादेवच्या लग्नात त्यांनी नवरदेवाचंच ताट ओढलं होतं आणि नवरीनं घास कोणाला भरवायचा यावरून मांडव थांबला होता. तेव्हा मी विचार केला, मी बसणार त्यांच्या डाव्या हाताला, आणि ते माझीच वाटी घेणार. मी ल्हाकीला म्हटलं, "लोकर माझ्या वाटीत घाल." तिनं माझ्याकडं जरा कौतुकानं बघितलं. तेवढंच कौतुक या सबंध प्रकरणात माझ्या वाट्याला आलं.

नऊ जिन्नस जमवताना आमची निम्म्या तालुक्याची पायपीट झाली. मुळा कळंबच्या बाजारातून. वाटाणा छबुबाईकडून (ती सोसायटीचे कॅन धुते; सध्या धुण्यासारखे कॅन नाहीत आणि धुवायला पाणीही नाही, त्यामुळे तिचाही पगार माझ्यासारखाच चालू आहे). सुकं मांस टाळलं, कारण सुंदरराव माळकरी. आणि त्यांच्या त्या वाळवलेल्या पनीरसारख्या पदार्थाला दूध पाहिजे होतं. दूध सोसायटीचा चेअरमन जेवायला, दूध सोसायटीचा सेक्रेटरी व्यवस्थेला, आणि दूध आणलं ते मुनव्वर मिस्त्रीच्या शेळीचं. मुनव्वर जीपा दुरुस्त करतो. त्याच्या गॅरेजात ऑइलच्या डब्यांमागं शेळी बांधलेली असते. त्यानं तांब्या माझ्या हातात देताना विचारलं, "सेक्रेटरीसाब, सोसायटी मेरी बकरी को मेंबर करेगी क्या? मत भी देगी, दूध भी देती है."

दिवेलागणीला सुंदरराव आले. मोलानं बसल्या जागेवरून त्यांच्या गळ्यात पांढरं रेशमी उपरणं घातलं. सत्काराची सवय असलेला माणूस. आलेला टॉवेल पुढच्याला बांधून मोकळं व्हायचं हे अंगात मुरलेलं. त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं, मी मुनव्वरच्या, मुनव्वरनं बावरून परत मोलाच्या. मोला मात्र भलतीच खूश झाली. त्यांच्यातही ते उपरणं मान देणाऱ्याला परत घालायची रीत आहे म्हणे. मला वाटलं, लागली गाडी रुळाला.

मग चहा आला. त्यांचा चहा मिठाचा असतो आणि वरून लोणी असतं. लोणी कुठलं? डालडा घातला होता. सुंदररावांनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडं बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. पण त्यांचं निवडणुकीचं चिन्ह कपबशी. समोर सभासद बसलेले. कपबशी उमेदवारानं कप अर्धा टाकला हे उद्या राधाकिशन गावभर सांगणार. ते डोळे मिटून प्यायले. आणि त्यांच्यात रीत अशी की पाहुण्याचा कप रिकामा राहू द्यायचा नाही. जसा रिकामा होई तसा मोला भरी. शेवटी मीच कप उचलून माझ्या मागं लपवला, तेव्हा कुठं कपबशीची सुटका झाली.

त्यानंतर वाट्या आल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, आता साहेब इकडंतिकडं बघतील आणि माझी वाटी ओढतील. मी वाटी त्यांच्या हाताशी सरकवूनही ठेवली. आणि आक्का, त्या दिवशी तुमच्या भावाला काय झालं कोण जाणे. मोलानं दोन्ही हातांनी वाटी पुढं केली, कपाळाला लावून दिली. सुंदररावांचे डोळे भरून आले (थोडं चहामुळंही असेल). ते म्हणाले, "आज बदलाबदली न्हाई. मायेनं वाढलेलं हाय." मी म्हटलं, "साहेब, माझ्या वाटीत मुळा जास्त आहे, ही घ्या." ते म्हणाले, "खा की मग तू." मी म्हटलं, "तुमची गार झालेली दिसते." ते म्हणाले, "गहिनीनाथ, माझ्या वाटीमागं तू कावून लागलास बे?" सभासद बघायला लागले. मी वाटी परत माझ्यापुढं ओढली. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं कोणावर तरी विश्वास टाकला, आणि तो नेमका माझ्या हुशारीच्या दिवशी.

माझी गोळी फोडली, लोकर. टाळ्या पडल्या. मुनव्वरच्या गोळीत मीठ निघालं, तो म्हणाला, "बीवी को मत बताओ, उसको पहले से मालूम है." छबुबाईला पांढरा खडा. मग सुंदररावांनी गोळी फोडली आणि चमच्यावर काळा कुळकुळीत कोळसा आला.

सुंदररावांनी विचारलं, "ह्याचा अर्थ काय, पोरी?" मोला आनंदानं सांगून मोकळी झाली; तिच्या लेखी तो सणाचा सगळ्यांत गमतीचा भाग. ल्हाकीनं एकवार माझ्याकडं पाहिलं, गळा साफ केला आणि म्हणाली, "मोला म्हणती, चेअरमनसाहेबांच्या पोटात ऊब हाय. थंडीत चार माणसं भवताली बसावीत अशी." सुंदररावांची छाती फुगली, आणि ती तशीच फुगलेली राहिली असती. पण पलीकडून छबुबाई म्हणाली, "ऊब न्हाई काई. सकाळीच मला सांगितलं की हिनं. कोळसा म्हंजी मनाचा काळा." आणि वर, "आमाला ठावं हायेच, गोळीत बगायचं काय त्यात?" सभासद हसले. एवढे दिवस दुष्काळानं न हसलेली माणसं, थांबेचनात. मोलाला वाटलं सण रंगला. तीही हसायला लागली.

तरी तोपर्यंत निभावलं असतं. सुंदरराव राजकारणी आहेत, चेहरा सावरता येतो. पण सणाचा दुसरा भाग उरला होता. जेवण झालं की प्रत्येकाला कणकेचा गोळा देतात. दुखतं खुपतं तिथं तो अंगावरून फिरवायचा, मुठीत दाबायचा आणि एका फुटक्या भांड्यात टाकायचा. त्या भांड्यात कणकेची एक बाहुली असते, तिला ते लू म्हणतात. सगळ्यांची वर्षभराची पीडा तिच्यावर. मग पेटतं काड घेऊन आरडाओरडा करत ते भांडं तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, नेऊन ठेवायचं आणि मागं न बघता यायचं. छबुबाई ऐकून म्हणाली, "म्हंजी आपला उताराच की. लिंबू तेवढं न्हाई." सुंदररावांनीही पाहुणा म्हणून सगळ्यांबरोबर कणीक उजव्या गुडघ्यावरून फिरवली आणि भांड्यात टाकली. मग तडक जीपमध्ये बसून एक बैठक आटपायला गेले.

शेडपासून सगळ्यांत जवळची तिकटी कोणती, हे तुम्ही माहेरवाशीण, तुम्हाला सांगायला नको. सुंदररावांच्या दारातली. माझ्या ध्यानात आलं असतं, पण मी तेव्हा कोळशाच्या विचारात होतो. पोरं काड पेटवून ओरडत गेली, भांडं ठेवून मागं न बघता आली. थोड्या वेळानं बैठक आटपून सुंदरराव परतले. जीपचा उजेड दारातल्या बाहुलीवर पडला. बाहुलीच्या भोवती कणकेचे गोळे, आणि गोळीतून निघालेले जिन्नसही त्याच भांड्यात टाकायचे असतात म्हणून तिच्या छातीवर बरोबर कोळसा.

सकाळी शेडला कुलूप होतं. सामान शेडच्या ओट्यावर काढून ठेवलेलं, नीट, घड्या न मोडता. तेवढी माणुसकी होती. फळा मात्र आतच राहिला. सुंदरराव मला म्हणाले, "लोकर तुझ्या वाटीत, कोळसा माझ्या वाटीत, आन् बाहुली माझ्या दारात. मी काय शेळीचं दूध पिऊन मोठा झालो का रे?" मी म्हटलं, काल प्यायलात की. हे बोलायला नको होतं.

आज त्यांचं लोसर. सकाळी ओट्यावरच त्यांच्या गुरूंचा फोटो मांडला, गोड्या तेलाचे दिवे लावले, एका लाकडी पेटीत एका बाजूला गहू आणि दुसऱ्या बाजूला सातूचं पीठ. (आपलंच सातूचं पीठ, आक्का, तुमच्या सासूबाई करतात तेच. त्यांचा तर तो रोजचा घास.) चिमूटभर उडवायला मलाही दिलं. परवा दोन कुटुंबं निघणार. त्यातलं एक तुमच्याच आष्टीला येतंय. पण मोला शाळा सोडायला तयार नाही. फळा आत अडकला म्हणून तिनं प्लास्टरचा पाय पुढं पसरला आहे आणि पोरं त्यावर बॉलपेननं अक्षरं काढताहेत. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय भरत आलाय. आता शेवटचं उठून बघून आलो तेव्हा पोरं पाणी प्यायला गेली होती आणि घोट्यापाशी ल्हाकी एकटी बसून ङ गिरवत होती. तिनं मला पाहिलं नाही, म्हणून मी लगेच परत आलो.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, दाजींच्या खोकल्याला आराम. चूकभूल सांभाळून घेण्याची तुमची जुनी सवय या पत्रालाही लागू करावी.

तुमचा,
गहिनीनाथ

ता. क. : एवढं लांब पत्र लिहून मुद्दा राहिला. सुंदरराव जगात एक तुमचंच ऐकतात. परवाच्या आत एस.टी. पकडून या आणि त्यांचा कान धरा. निवडणूक असल्यामुळं ते चारचौघांत ओरडणार नाहीत.

ता. क. दुसरा, संध्याकाळी : येऊ नका. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात सुंदरराव स्वतःच आले. चालत आले, जीपशिवाय, आणि ओट्याच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढले. मी बघतच राहिलो. उजवा गुडघा काल सकाळपासून दुखायचा थांबला आहे. मोलाच्या पुढ्यात उकिडवे बसले (उकिडवे, आक्का) आणि ल्हाकीला म्हणाले, "इचार म्हातारीला, ते पिठाचं पुन्हा कवा करणार? डावा बी कुरकुर करायलाय." ल्हाकीनं विचारलं. एका शब्दाला अडली, मोलानं तो सांगितला, तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग मराठीत म्हणाली, "वर्सातून येकदाच असतं, चेअरमनसाहेब. पुढच्या लोसरला." सुंदरराव म्हणाले, "आता करून टाका की, कुणाला कळतंय?" मोला मान हलवायची थांबेना. तिच्या आईनं वर्षातून एकदा केलं, आजीनं एकदा केलं. सुंदरराव म्हणाले, "बरं बाई, पुढच्या साली या." ल्हाकी म्हणाली, "यायला येऊ. पर बसायचं कुठं, कुलपात?" सुंदररावांनी प्लास्टरवरची अक्षरं गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बघितली. मग खिशातून किल्ली काढून पायापाशी ठेवली. प्रचाराची कचेरी माझ्या ऑफिसात येते आहे. मतदार पिंपांवर बसतील. जाता जाता मला म्हणाले, "लोकर तुझ्या वाटीत कशी गेली, ते मातर मी इलेक्शननंतर इचारणार हाय."

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच : सुंदररावांनी तेल चोळणं बंद केलं आहे. म्हणतात, पिठानं काम केलं, आता वास कशाला. बाटली माझ्याकडं परत दिली. अर्धी संपली होती. राहिलेली मी माझ्या कमरेला लावून बघितली आणि आक्का, तेलाला गुण आहे. फार गुण आहे. त्यांनी पत्रात तेलाचं विचारलं तर तेल वासाचं होतं एवढंच लिहा. दुसरी बाटली पाठवू नका. पाठवलीच तर माझ्या नावानं पाठवा. डाव्या गुडघ्यानं पुढच्या लोसरपर्यंत जरा दुखत राहावं, एवढं तुमच्या या भावासाठी करा.